काचेसमोर घेतलेले नाव

"शेवटचा थांबा. कृपया उतरून घ्यावे," असे बसमधल्या बाईच्या आवाजाने सांगितले, दारे फुस्स करून उघडली, लोक उतरले, आणि बुरमाकान उठली नाही. तिने तसे काही ठरवले नव्हते. मांडीवर पिशवी होती, पिशवीत दोन पाव आणि नवऱ्याच्या गोळ्या होत्या, पिशवीचे बंद तिने उठायच्या बेताने मुठीत धरलेही होते. पण पाय उठले नाहीत. काचेतून समोर डांबरी रस्ता सुरीने कापल्यासारखा संपलेला दिसत होता. पुढे चिखल, चिखलात फळ्या टाकलेल्या, फळ्यांच्या पुढे चढ, आणि चढाच्या माथ्यावर पत्र्याची छपरे. त्यातले एक तिचे. रोज ती इथे उतरत होती, खाली वाकून बुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधत होती आणि चढ चढत होती. आज तिला त्या गोड आवाजाचाच राग आला. त्या बाईला काय जात होते! तिच्यासाठी हा शेवटचा थांबा होता, कारण ती इथे राहत नव्हती. ती कुठेच राहत नव्हती.

बस चालवणारा तालाय आरशातून बघत होता. पोरगेलासा, सरोवराकडचा, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. "आपा, आलं की शेवटचं."

"आलं तर आलं."

"उतरायचं नाही?"

"उतरायचंय. घराशी."

तो हसला. "घराशी तर मलाही उतरायचंय, आपा. पण ही बाई ऐकते का बघा!" आणि त्याने आवाज येत होता त्या डब्यावर टिचकी मारली. मग तो उठून जवळ आला, वाकला. "पाय मुरगळला काय? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. गाडी वर घे."

"वर कुठं? वर रूट नाही."

"जिर्गल नेत होता."

"कोण जिर्गल?"

त्याला कसा ठाऊक असणार जिर्गल! जिर्गलची व्हॅन बाराही महिने धूर ओकायची, मागच्या दाराला दोरी बांधलेली असायची, बसायची जागा चौदांची आणि माणसे तीस. त्यात बसले की कोणाचे कोपर कोणाच्या बरगडीत ते कळत नसे. मागच्याने पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, हातोहात ते जिर्गलपर्यंत जायचे आणि सुटे तसेच हातोहात मागे यायचे. पण ती व्हॅन वर यायची. पार पाण्याच्या नळापर्यंत. जिर्गल दारासमोर भोंगा वाजवायचा, उतरायचा, तिच्या नवऱ्याला, ओस्मोनकुलला, काखेत हात घालून उचलायचा आणि पुढच्या जागेवर बसवायचा. "या, घोडेस्वार!" म्हणायचा. ओस्मोनकुलचा एक पाय साखरेच्या आजाराने गुडघ्यापासून काढलेला, पण जिर्गलशेजारी बसला की तो पाठ ताठ करायचा. आता शहराने व्हॅनवर बंदी घातली. धुराने लोकांची छाती भरते म्हणे. खोटे नव्हते ते; बुरमाकानलाही खोकला होताच. जिर्गलची व्हॅन आता त्याच्या अंगणात विटांवर उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

या नव्या बस पहिल्यांदा आल्या त्या दिवशी सगळी वस्ती खाली उतरली होती. बायकांनी पहाटे उठून कणकेचे बोरसोक तळले होते, परात भरून, वर फडके. कोणी सांगितले होते की बस वर येणार, देव जाणे. कोणीच सांगितले नसावे, सगळ्यांनी धरून चालले होते. म्हाताऱ्यांनी हात पसरून दुवा दिली, सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. निळीशार बस आली, काचा चकचकीत, आत ऊब. ती वीटभट्टीच्या वस्तीपुढच्या या मोकळ्या जागेत गोल वळली आणि परत खाली निघून गेली. तेव्हापासून या जागेला वळसा म्हणायचे. परात तशीच डोक्यावर घेऊन बायका वर चढल्या. "बसला भूक नव्हती वाटतं," जिर्गल म्हणाला होता, आणि कोणी हसले नव्हते.

"आपा, माझ्यावर कॅमेरा आहे," तालाय हळूच म्हणाला. "ही गाडी रूट सोडून हातभर गेली तरी तिकडं कळतं. माझा पगार कापतील."

"मी तुला म्हणतेय का काही?"

"मग कुणाला म्हणताय?"

तिने तोंड काचेकडे वळवले. तो जाऊन आपल्या जागेवर बसला आणि सूर्यफुलाच्या बिया सोलू लागला. वळशावर बस थोडा वेळ थांबायची. इंजिन बंद झाले, ऊब हळूहळू निवू लागली.

उद्या ओस्मोनकुलचा यंत्रावरचा दिवस होता. आठवड्यातून तीन दिवस त्याचे रक्त एका यंत्रातून काढून, धुऊन, परत अंगात घालायचे. खुर्ची ठरलेली, वेळ ठरलेली. न जाणाऱ्याची खुर्ची दुसऱ्याला देतात, आणि न जाणारा आठवड्याभरात सुजून, श्वास कोंडून जातो. वस्तीतल्या सायाकानचा भाऊ तसाच गेला होता. व्हॅन बंद झाल्यावर टॅक्सीवाले चिखल बघून वळशावरूनच परत फिरायचे. मग जिर्गलने कोळसा वाहायची ढकलगाडी काढली. तिच्यात गोधडी घातली, ओस्मोनकुलला बसवले, आणि पुढे बुरमाकान, मागे जिर्गल, असे त्याला उतारावरून वळशापर्यंत आणू लागले. दीड महिना असेच आणले. काल वीटभट्टीच्या वस्तीतल्या बायका थांब्यावर उभ्या होत्या. त्यांच्यातली एक हसली. कदाचित त्यांच्या कुठल्या भलत्याच गोष्टीवर हसली असेल. पण ओस्मोनकुलने ते पाहिले. तारुण्यात कोक-बोरूच्या खेळात त्याने धावत्या घोड्यावरून मेलेली बकरी एका हाताने उचलली होती, अख्ख्या दरीत नाव होते त्याचे. आणि तो कोळशाच्या गाडीत गोधडीवर बसला होता, एक पाय पुढे, दुसऱ्याच्या जागी विजारीची घडी. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "बस दारात आली तर जाईन. नाहीतर परवापासून मी जाणार नाही. विषय संपला." तो परवा म्हणजे उद्या.

म्हणून आज ती वस्तीसाठी बस मागायला शहराच्या अर्जांच्या ऑफिसात गेली होती. ही तिथली दुसरी खेप. पहिल्या खेपेची आठवण आली की अजून तिची कानशिले तापत. वस्तीने तिला पाठवले होते ते वयाने मोठी म्हणून. मोठ्यांनी बोलायचे, धाकट्यांनी मागे उभे राहायचे, हीच रीत. बरोबर शेजारची कानिशाय होती, पण तिचे तान्हे रडू लागले म्हणून ती बाहेर गेली, आणि नेमके तेव्हाच काचेमागच्या मुलीने विचारले, "वस्तीचं नाव?"

आणि तिथेच घोडे अडले. वस्तीचे नाव बुरमाकानच्या सासऱ्याचे नाव होते. सरकारी मेंढ्यांचा कळप मोडला, डोंगरात पोट भरेना, तेव्हा सासऱ्याने सगळ्यांना गोळा करून शहराच्या कडेला आणले, दोरी आणि खुंट्या घेऊन स्वतः घरांच्या जागा आखल्या. खालची जमीन ओलसर, म्हणून वर. "शहराला पाय असतात," तो म्हणायचा, "चालत येईल आपल्यापर्यंत." तो गेल्यावर लोकांनी त्याचेच नाव वस्तीला दिले, पत्र्यावर रंगवून चढावर लावले. सगळ्यांना अभिमान वाटला. बुरमाकानलाही वाटला, पण त्या दिवसापासून तिला आपण कुठे राहतो ते सांगता येईना. किरगिझ सुनेने सासऱ्याचे नाव तोंडातून काढायचे नसते. नुसते नावच काय, नावातला शब्दही नाही. सासऱ्याच्या नावात कोकरासाठीचा शब्द होता, म्हणून लग्नानंतर ती कोकराला 'बें' म्हणत आली. तिची पोरेही बें म्हणायला शिकली आणि शाळेत हसे झाले. चाळीस वर्षांवर झाली याला. सासरा काही प्रेमळ माणूस नव्हता. चहा निवला तर तो पेला काही न बोलता उलटा करून ठेवायचा. पण पहिले मूल दगावले तेव्हा तो दारात आला होता, आत न येता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला होता सगळा दिवस, बर्फात, टोपीवर पांढरा थर साचेपर्यंत. त्या दिवसाचा मान ती तोंड मिटून देत आली होती. तर त्या पहिल्या खेपेला ती मुलीला म्हणाली, "वीटभट्टीच्या वरची." मुलीने लिहिले, वीटभट्टी. महिन्याने उत्तर मिळाले: आपल्या वस्तीला बससेवा आहे. वस्तीत जो तो म्हणू लागला, "बुरमाकान आपानं बस गिळली." हसत म्हणायचे, पण म्हणायचे.

एकदम पुढच्या दाराने बायका चढल्या. वीटभट्टीच्या वस्तीतल्या, संध्याकाळच्या पाळीला शहरात भांडी घासायला, जिने पुसायला निघालेल्या. कार्ड यंत्राला लावले की यंत्र चिवचिवायचे. एकजण बुरमाकानशेजारी बसली. "आपा, तुम्ही तर आत्ता वर आलात ना? मी मघाशी पाहिलं."

"हो."

"मग उतरला नाहीत?"

"नाही उतरले. बस अडवलीय मी."

बाईने तिच्याकडे पाहिले, मग पुढच्या मैत्रिणीकडे. इंजिन सुरू झाले. बस हलली, गोल वळली, आणि चढ, छपरे, फळ्या, सगळे काचेतून सरकत मागे गेले. बुरमाकानने पिशवी घट्ट धरली. आपण बस अडवली असे तिला मनात कुठेतरी वाटत होते. आता कळले की कोणी बसले काय, उतरले काय, बसचे काहीच अडत नाही. शेजारची बाई गालात हसू दाबत म्हणाली, "अडवा, अडवा. पण मला आठाच्या आत पोचवा म्हणजे झालं."

काल ओस्मोनकुलकडे बघून हसली ती हीच का? बुरमाकानने तिचा चेहरा निरखला. थकलेला, हातांची कातडी सोड्याच्या पाण्याने सोललेली. हिच्यावर रागवावे तरी कसे? हिच्या दाराशी बस येते, हा काय हिचा गुन्हा? आणि तरी राग येत होता. तालायचा येत होता, जिर्गलचा येत होता, भिंतीकडे तोंड करून निजलेल्या नवऱ्याचा तर सर्वांत जास्त. ज्यांचा यायला हवा त्यांचे तोंडच कधी दिसत नव्हते. रस्त्याच्या ऑफिसात म्हणाले, तिथे बस जात नाही, डांबर कशाला? बसच्या ऑफिसात म्हणाले, तिथे डांबर नाही, बस कशी? एका जिन्याने वर, दुसऱ्याने खाली, मधे ती, बुटांना पिशव्या बांधलेली.

आज तिने तयारी केली होती. कानिशायकडून नाव एका कागदावर लिहून घेतले होते. काचेखालच्या फटीतून कागद आत सरकवला. मुलीने तो न बघताच परत सरकवला. "चिठ्ठी नको, आपा. तोंडी सांगा, मी टाइप करते."

"बाळ, वाच ना जरा. मला घेता येत नाही ते नाव. सासऱ्यांचं आहे."

"सासऱ्यांचं नाही विचारत. वस्तीचं विचारतेय."

मागे रांगेत खसखस पिकली. पांढरी उंच टोपी घातलेला एक म्हातारा पुढे झाला. "सून आहे ती, पोरी! एवढं कळत नाही का? शहरात जन्मलीस म्हणून काय झालं?"

"मला कळतं हो, आजोबा. कॉम्प्युटरला कळत नाही."

"आण इकडं, मी वाचतो." त्याने कागद घेतला, हात लांब केला, आणखी लांब केला, डोळे बारीक केले. "कोझो... कोझोमकुल."

मुलीने टाइप केले. "कोझोमकुल. नाही, असं काही नाही."

"तसं नाही ते," बुरमाकान म्हणाली.

"कोझोमबाय?" म्हातारा म्हणाला. "चष्मा घरी राहिला, बाई."

"कोझोमबाय... तेही नाही."

"अहो, नाही ते! कोझुबेक!"

तिच्या तोंडून ते निघाले, भाजी चुकीची तोलणाऱ्या माणसावर ओरडावे तसे. क्षणभर तिला वाटले, दुसरेच कोणी बोलले. म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि दोन पावले मागे सरला. मुलगी काचेमागून म्हणाली, "काय? ऐकू येत नाही, आपा, मोठ्यानं." माईक बिघडला होता. "कोझुबेक," ती पुन्हा म्हणाली. "आणखी मोठ्यानं." तिसऱ्यांदा ती किंचाळली, इतकी की पलीकडच्या खिडकीतली माणसे वळली. मग मुलगी म्हणाली, एकेक अक्षर सांगा, आणि तिने एकेक अक्षर सांगितले, कोंबडीची पिसे काढावी तसे सासऱ्याचे नाव सुटे सुटे करून काचेसमोर ठेवले. आभाळ कोसळले नाही. कोसळले असते तरी बरे झाले असते. मुलीने टाइप केले, पडद्याकडे बघितले, आणि खरोखर वाईट वाटल्यासारख्या आवाजात म्हणाली, "नाही, आपा. असं नावच नाही. त्या जागेवर आमच्याकडे चराऊ कुरण दाखवतंय. तिथं कुणी राहत नाही."

शहर आले आणि गेले. भांडीवाल्या बायका एकेक करून उतरल्या. "चला आपा, अडवून ठेवा हं," शेजारची म्हणाली आणि उतरली. बुरमाकान बसूनच होती. नवऱ्याला काय सांगायचे हे ठरत नव्हते. नावाचे सांगायचेच नाही, एवढे मात्र ठरले होते. त्याच्या बापाचे नाव भर रांगेत, पिसे काढून! ते ऐकून तो भिंतीकडून तोंड वळवणारच नाही. मधेच तिच्या लक्षात आले की बसमध्ये आता ती एकटीच आहे आणि बस चढ चढत आहे. हा चढ तिने कधी पाहिला नव्हता. रस्ता काळा, गुळगुळीत, दोन्हीकडे दिव्यांचे खांब, दिवसाउजेडीच पेटलेले. उंच भिंती, भिंतींवर तारा, फाटकांमागे मोठाली घरे. वळणावर काचेचा थांबा, त्यात लाकडी बाक. बस थांबली, दारे उघडली, बाईने थांब्याचे नाव घेतले, दारे मिटली. पुढच्या थांब्यावर तेच. कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही. एक कुत्रा मात्र फाटकातून बघत होता. वळशापुढच्या चढापेक्षा हा चढ दुप्पट उभा होता, आणि बस न कुरकुरता चढत होती.

"इथं कोण चढतं?" तिने विचारले.

"कुणी नाही," तालाय म्हणाला. "सकाळी दोन-तीन मोलकरणी. यांच्याकडे गाड्या आहेत ना."

"मग येतोस कशाला?"

"रूट आहे, आपा."

तो हे निगरगट्टपणे म्हणाला नाही. उलट आरशातून त्याने नजर चुकवली. "शेवटचा थांबा," असे बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, आणि इंजिन बंद झाले. खाली सगळे शहर पसरले होते, पार पलीकडे धुरकट टेकडीवर काही तरी चमकत होते. पत्रे असतील. नसतीलही, कुरण असेल. फोन वाजला.

"कुठं आहेस?" ओस्मोनकुल म्हणाला. "चहा उकळून उकळून काळा झाला."

"बसमध्येच आहे. दुसऱ्या टोकाला."

"तिथं काय आहे?"

"रस्ता आहे."

"आणि माणसं?"

"दिसली नाहीत."

तो थोडा हसला. "मग आपणच जाऊ तिथं राहायला." आणि मग, हलक्या आवाजात, "काय म्हणाले?"

"बस येणार नाही. उद्या ढकलगाडीतून जायचं."

"मी सांगितलंय."

"ऐकलंय मी."

"लोक हसतात, बुरमाकान. तुला काय जातंय म्हणायला? गाडीत मी बसतो."

आणि जे सांगायचे नाही असे ठरवले होते ते तिच्या ओठांशी आले, आणि तिने ते अडवले नाही. "मला काय जातंय? आज तुमच्या वडिलांचं नाव घेतलं मी. काचेसमोर. भर लोकांत."

पलीकडे चुलीवर झाकण खडखडत होते.

"घेतलंस?"

"तीनदा. ओरडून. मग एकेक अक्षर सुटं करून. आता माझ्यावर हसायला कुणाला काही उरलं नाही. आणि तुम्ही एका बाईच्या हसण्याला भिऊन मरायला निघालात."

"मग?" तो म्हणाला. "नाव घेऊन तरी काही मिळालं?"

"नाही."

झाकणाचा आवाज थांबला. त्याने हात लांबवून भांडे उतरवले असावे. तालाय खाली मान घालून बिया सोलत होता, आपल्याला ऐकू येत नाही असे दाखवत.

"जिर्गलला सांगितलंस?" ओस्मोनकुल म्हणाला. "सहाला यायला?"

बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. ती जिंकली होती, आणि जिंकून मिळाली होती कोळशाची गाडी. काचेबाहेर रिकाम्या बाकावर दिव्याचा उजेड पडला होता, आणि तो तसा कोणासाठी पडला आहे हे तिला काही केल्या कळत नव्हते.

"सांगते," ती म्हणाली. "आणि तुम्ही नवा कोट घालायचा."

"कोळसा लागेल त्याला."

"लागू दे."